डावीकडची बेल: नाशिकच्या एका केअर सेंटरमधील सोळा महिने

जून २०२४ मध्ये मी माझ्या आत्याला नाशिक शहराच्या कडेला, द्राक्षबागा सुरू होण्याच्या थोडे अलीकडे असलेल्या एका खाजगी केअर सेंटरमध्ये दाखल केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हे लिहीत असताना ती तिथेच आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटींविषयी लिहिले आहे त्यांतल्या काही दुरुस्त झाल्या आहेत, आणि ज्या झाल्या नाहीत त्या मी पाहिलेल्या इतर पाच ठिकाणीही कमीअधिक प्रमाणात होत्याच. पाचपैकी गुण द्यायचे तर आज साडेतीन देईन. पहिल्या महिन्यात साडेचार दिले असते आणि गेल्या फेब्रुवारीत एक.

आत्या आता ८२ वर्षांची आहे. तिने लग्न केले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात तिची उमेदीची सारी वर्षे गेली, त्यातली सुरुवातीची काही सुरगाणा तालुक्यात. म्हातारपणाची सोय तिने स्वतःच करून ठेवली होती. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात नाव नोंदवले होते आणि "बाळा, तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर मला चढवू नकोस," असे मला वेळोवेळी बजावलेही होते. मे २०२४ मध्ये तिला अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा थांबल्याने डावा हात आणि डावा पाय लुळे पडले, गिळणे अवघड झाले; बोलणे मात्र, थोडे अडखळत का होईना, शाबूत राहिले. वृद्धाश्रमाने अतिशय नम्रपणे नकार कळवला. स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांनाच प्रवेश मिळेल, असे त्यांच्या अर्जावर छापलेले होते आणि ते वाक्य आत्यानेही नीट वाचले नव्हते, मीही नाही. त्यानंतर पाच आठवडे आम्ही ब्युरोमार्फत घरी चोवीस तासांची बाई ठेवून पाहिली. त्या पाच आठवड्यांत चार वेगवेगळ्या बाया आल्या आणि प्रत्येकीला आत्याला पलंगावरून खुर्चीत कसे घ्यायचे, हे मलाच पहिल्यापासून दाखवावे लागले. मी स्वतः ते शिकून जेमतेम महिना झाला होता.

शोध सुरू केला की पहिली अडचण शब्दांची येते. वृद्धाश्रम ही चालत्याफिरत्या माणसांच्या राहण्या-जेवण्याची सोय असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला लागते ते निराळेच, आणि त्याला कोणी केअर सेंटर म्हणतो, कोणी शुश्रूषा केंद्र, कोणी पुनर्वसन केंद्र. पाटीवर काहीही लिहिलेले असो, नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे, हे विचारावे. न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे केलेली नोंदणी वेगळी आणि शुश्रूषागृह म्हणून १९४९ च्या अधिनियमाखाली केलेली नोंदणी वेगळी. त्या अधिनियमाच्या व्याख्येत आजारी आणि जखमी माणसांबरोबरच दुर्बल माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करणारी जागाही येते. शहराच्या हद्दीत ही नोंदणी महापालिकेकडे होते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. मी पाहिलेल्या सहा ठिकाणांपैकी दोन ठिकाणी ते भिंतीवर होते. उरलेल्या ठिकाणी दर्शनी भागात सत्कारसमारंभांची छायाचित्रे होती.

पैशांच्या बाबतीत कोणी भ्रमात राहू नये म्हणून हेही इथेच सांगतो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सर्वसाधारणपणे वगळलेल्या बाबींची जी यादी असते, तीत आंघोळ घालणे, कपडे बदलणे, उठवणे-बसवणे अशी निव्वळ देखभाल येते, मग ती घरी केलेली असो वा संस्थेत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. केअर सेंटरचा महिन्याचा खर्च खिशातूनच करावा लागतो.

इमारतीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन मजले, २२ खाटा, स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट, न घसरणारी फरशी, मागे चिकूची चार झाडे आणि एक छोटे गणपतीचे देऊळ. भेटायला येणाऱ्यांना देऊळ फार आवडते. आतल्या बहुतेकांना तिथपर्यंत जाताच येत नाही.

दाखल केल्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की आत्याच्या खाटेची बेल भिंतीवर तिच्या डाव्या बाजूला होती, म्हणजे जो हात हलत नाही त्याच बाजूला. मी सिस्टरना सांगितले, सिस्टरनी व्यवस्थापकांना सांगितले, व्यवस्थापकांनी इलेक्ट्रिशियनला निरोप दिला आणि बेल उजवीकडे यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत आत्या उजव्या हाताने स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर वाजवत असे. खाटेची दिशा फिरवली असती तर दहा मिनिटांत काम झाले असते, हे त्या वेळी ना त्यांना सुचले, ना मला.

डाव्या बाजूचा प्रश्न तेवढ्यावर संपला नाही. पहिल्या पंधरवड्यात तिच्या फाइलमध्ये रोज 'जेवण अर्धे घेतले, भूक कमी' अशी नोंद होत होती आणि डॉक्टरांनी भूक वाढवण्याचे औषधही लिहून दिले होते. फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या तरुणाने एक दिवस जेवणाच्या वेळी थांबून पाहिले आणि काही न बोलता ताट अर्धे फिरवले. "अरे, भोपळा होता की!" असे म्हणून आत्याने उरलेले अर्धे ताट संपवले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचे लक्ष डावीकडे जातच नाही. डोळे चांगले असले तरी त्या बाजूचे जग त्यांच्यापुरते नसल्यासारखेच असते. ताटाची डावी बाजू तिला दिसत नव्हती, भूक चांगली होती. स्वयंपाकघराने हे लगेच मनावर घेतले. त्या दिवसापासून जेवताना मध्येच ताट फिरवले जाते आणि भूक वाढवण्याचे औषध बंद झाले.

एकंदर स्वयंपाकघर हा या संस्थेचा सर्वांत भक्कम भाग आहे. ज्याला गिळायला त्रास होतो त्याला घट्ट पदार्थापेक्षा पातळ पदार्थाचा धोका अधिक असतो, कारण पाणी किंवा चहा घशातून पटकन घसरून श्वासनलिकेत जातो. ही गोष्ट घरी आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि आम्ही आपले पातळ पेज भरवत होतो. इथे मात्र स्वयंपाकघराच्या दारावर प्रत्येक खाटेच्या क्रमांकापुढे अन्न किती घट्ट हवे, हे लिहिलेले असते. आत्याला चहा घट्ट करण्याची पावडर घालून चमच्याने मिळतो, भरवताना तिला सरळ बसवतात, हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगतात आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नाहीत. चमच्याने खायच्या चहाला ती चहा मानत नाही, पण दिवसातून दोनदा मागून घेते. रात्रीचे जेवण मात्र साडेसहाला उरकतात. त्यानंतर सकाळपर्यंत एक कप दूध, यापलीकडे काही मिळत नाही, आणि मधुमेह असलेल्यांसाठी हे अंतर मला फार वाटते.

अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते माणसांच्या हातांसाठी, आणि ते हात मावशींचे असतात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, सिस्टर गोळ्या आणि इंजेक्शने पाहतात. बाकी सारे मावशी करतात. इथल्या बहुतेक मावशी पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतल्या आहेत. त्या सरसकट सर्वांना आजी-आजोबा म्हणतात, ते प्रेमानेच. पण आत्याला ते सहन होत नव्हते. "मी कुणाची आजी? मला सगळे बाई म्हणतात," असे तिने पहिल्याच आठवड्यात सुनावले. पेठकडच्या एका मावशींनी तेव्हापासून तिला 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि आत्याने त्यांच्याशी सुरगाण्यात शिकलेल्या मोडक्यातोडक्या कोकणा बोलीत बोलायला. त्या मावशी कामावर असतील त्या दिवशी फिजिओच्या वेळी आत्या कुरकुर करत नाही, असे तो तरुणही सांगतो.

कामाच्या पाळ्या बारा तासांच्या, आठ ते आठ. याचा एक परिणाम मला डिसेंबरात कळला. सकाळी आठला पाळी संपण्यापूर्वी रात्रपाळीने सर्वांच्या आंघोळी आटोपून द्यायच्या, असा शिरस्ता होता, त्यामुळे आत्याची आंघोळ पहाटे साडेपाचला होत असे. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना अधिक सांगायला नको. शिवाय छतावरच्या सोलरचे पाणी त्या वेळी कोमटही नसे. मी तक्रार केल्यावर तिची आंघोळ सकाळी दहावर गेली, पण ती एकटीचीच. ज्यांचे कोणी तक्रार करायला येत नव्हते त्यांची पहाटेची आंघोळ जानेवारी संपेपर्यंत चालू होती. मी तेव्हा सर्वांसाठी बोललो नाही, हे इथे नमूद करायला हवे.

आता फेब्रुवारीविषयी.

मावशींच्या वर्षाचे एक वेळापत्रक असते आणि ते संस्थेच्या माहितीपत्रकात छापलेले नसते. जुलैत त्या भाताच्या आवणीसाठी गावाला जातात. दिवाळीत जातातच. आणि जानेवारीपासून पुढे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा तिथली रोजची मजुरी इथल्या पगारापेक्षा जास्त पडत असल्याने काही जणी सरळ निघून जातात. यात त्यांचा दोष मला दिसत नाही. पण २०२४ च्या जुलैत बदली म्हणून आलेल्या मुलीने आत्याला आडवे ठेवूनच पातळ चहा पाजला. जोराचा ठसका लागला, दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि १०८ बोलावून रुग्णालयात न्यावे लागले. छातीत संसर्ग झाला होता. नऊ दिवसांनी ती परतली आणि त्याला मी अपघात म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र रात्रपाळीच्या तीनपैकी एक मावशी गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलेच नाही.

हिशेब साधा आहे. त्या काळात २२ पैकी १४ जण स्वतः कूस बदलू शकत नव्हते. दर दोन तासांनी प्रत्येकाला वळवायचे, डायपर पाहायचा, लागल्यास बदलायचा, चादरीची सुरकुती काढायची. आणि हे एकटीचे काम नाही, दोघींना मिळून करावे लागते. एका माणसाला आठ मिनिटे धरली तरी १४ जणांना ११२ मिनिटे होतात. म्हणजे दोन तासांतली आठ मिनिटे उरतात, आणि त्यात कोणी हाक मारायची नाही, कोणाला उलटी व्हायची नाही, मावशींनी पाणीही प्यायचे नाही. दोन मावशींत हे होणे शक्य नव्हते आणि झालेही नाही.

एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी गेलो, तेव्हा आत्या पाठीवर होती आणि "खाली आग होते रे," म्हणत होती. मावशींच्या मदतीने तिला कुशीवर घेतले. माकडहाडावर रुपयाहून मोठा लाल डाग होता आणि त्याच्या मध्यभागी कातडी सुटली होती. लाल जागा बोटाने दाबली असता क्षणभर पांढरी पडते का, हे पाहायचे असते. पडली नाही तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजतात. ही पायरी तर कधीच ओलांडली होती. मदतीला आलेल्या नव्या मावशी पावडर लावून ती जागा चोळू लागल्या. त्यांना थांबवावे लागले, कारण अशी जागा चोळल्याने आतल्या पेशींना अधिक इजा होते. त्यांना हे कोणी शिकवलेच नव्हते. मग मी खाटेला अडकवलेला कूस बदलण्याचा तक्ता पाहिला. दर दोन तासांच्या चौकटीत खूण होती, सगळ्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती आणि सहाच्या व आठच्या चौकटीतही खुणा करून ठेवलेल्या होत्या.

व्यवस्थापक आधी म्हणाले की पेन चुकून पुढे गेले असेल. मी तक्त्याचे छायाचित्र काढले होते, ते दाखवले. दुसऱ्या दिवशी संस्थेचे मालक, जे स्वतः डॉक्टर आहेत, समोर बसले आणि त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने मोजतो. तिसरी मावशी आठवड्याभरात आली. एअर बेडचे दोन महिन्यांचे भाडे घेतले नाही. तक्त्यावर आता दोघींच्या सह्या असतात आणि वळवल्यावर कूस डावी की उजवी, हेही लिहितात, त्यामुळे खोटी नोंद करणे निदान कष्टाचे झाले आहे. जखम भरायला सात आठवडे लागले. मी गोल भोक असलेली उशी विकत आणली होती, ती सिस्टरनी वापरू दिली नाही; अशा उशीने कडेच्या भागावर दाब वाढून रक्तपुरवठा आणखी कमी होतो, असे त्यांनी समजावले, आणि ते बरोबर होते. आत्या शाकाहारी असल्याने पनीर, घट्ट डाळ आणि प्रथिनांची पावडर यांचे प्रमाण वाढवले.

म्हणून कोणी मला ठिकाण कसे निवडावे असे विचारले, तर मी रात्री नऊनंतर जाऊन या, असे सांगतो. भेटीची वेळ चार ते सहा असते आणि त्या दोन तासांत सगळीच ठिकाणे छान दिसतात. मी पाहिलेल्या एका चकचकीत ठिकाणी रात्री येऊ देण्यास ठाम नकार मिळाला आणि तेवढ्यावर ते बाद केले. आमच्या संस्थेत नातेवाइकाला कधीही आत सोडतात. फेब्रुवारीतही कोणी अडवले नाही. रात्री किती मावशी आहेत, त्या किती महिन्यांपासून आहेत, आणि जुलैत व जानेवारीत काय करता, हे तीन प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारेन.

खर्चाचे म्हणाल तर दोघींच्या खोलीसाठी महिना २८,००० रुपये सांगितले होते आणि पहिले बिल ४१,३०० रुपयांचे आले. फिजिओथेरपीच्या बारा बैठकांचे ४,८००, डायपरचे ४,५६०, डॉक्टरांच्या भेटींचे १,६००, एअर बेडचे भाडे १,५०० आणि 'साहित्य' या नावाखाली ८४० रुपये. यातले काहीही लपवलेले नव्हते. दरपत्रकाच्या मागच्या पानावर सगळे होते, फक्त बोलताना कोणी ते पान उलटत नाही. पुढच्या महिन्यापासून मी डायपर गोळे कॉलनीतल्या घाऊक दुकानातून नेऊ लागलो, त्याने हजारभर रुपये वाचतात आणि संस्थेने त्याला हरकत घेतली नाही. गेल्या एप्रिलपासून मूळ शुल्क दहा टक्क्यांनी वाढून ३०,८०० झाले आहे.

करारनामा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर झाला. त्यातल्या दोन कलमांवर मी अडून बसलो. पहिले, रुग्ण अस्वस्थ झाल्यास हात बांधण्याला आधीच दिलेली संमती. ते खोडायला सांगितल्यावर त्यांनी खळखळ न करता खोडले आणि असा प्रसंग आल्यास त्या वेळी फोन करू, असे हाताने लिहून दिले. दुसरे, रुग्ण रुग्णालयात असतानाही खाट राखून ठेवण्याचे पूर्ण शुल्क. ते पंचाहत्तर टक्क्यांवर आले आणि जुलैतल्या नऊ दिवसांचे तसेच घेतले गेले. करार करताना २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही वाचला, कारण अपत्य नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत त्याची मालमत्ता ज्याला मिळणार आहे असा वारसही त्या कायद्याने बांधलेला असतो, म्हणजे मी. त्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. आत्याला निवृत्तिवेतन आहे म्हणून आमचे निभते. ज्यांना ते नाही त्यांना कायद्याच्या आकड्यावर विसंबून एकही खाट मिळणार नाही. संस्थेत दाद लागली नाही तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. मला त्याची गरज पडली नाही.

हे ठिकाण पक्षाघातानंतरच्या रुग्णाला, विशेषतः गिळण्याचा त्रास असलेल्याला, चालेल. स्मृतिभ्रंश असून जे उठून चालू लागतात, त्यांच्यासाठी मी सुचवणार नाही. फाटक दिवसभर उघडे असते आणि पुढे भरधाव रस्ता आहे. ज्यांच्या घरचे पंधरा दिवसांतून एकदाही येऊ शकणार नाहीत, त्यांच्याबाबतही मी कचरेन, पण हे मी नाशिकमधल्या कुठल्याही केंद्राविषयी म्हणेन.

या वर्षीच्या जुलैत आवणीला जाणाऱ्या मावशींच्या जागी दोघींना जूनमध्येच आणून आठ दिवस बरोबर काम करायला लावले होते. आत्याने त्यांना पहिल्याच दिवशी आपल्याला काय म्हणायचे ते सांगून टाकले. सध्या माझा व्यवस्थापकांशी एकच विषय चालू आहे. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची कामे निघाली आहेत आणि २०२७ मध्ये पर्वणीच्या दिवसांत वाहतूक वळवली जाईल, तेव्हा मध्यरात्री रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या रुग्णालयात न्यायची, रात्रपाळीच्या मावशी कामावर कशा पोहोचणार, आणि ऑक्सिजनचे किती सिलिंडर जास्तीचे ठेवणार, हे मी त्यांना लेखी मागितले आहे. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले आहे आणि दिवाळीनंतर बसू, असे म्हणाले आहेत.